राखून ठेवलेला निळा

लाल रंग आनंदाचा, असं चित्रकलेच्या पहिल्याच वर्गात आमच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. लाल म्हणजे उत्सव, लग्न, मंगल. पांढरा म्हणजे शोक. आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं. मी मनात म्हटलं, सर, एकदा तंजावूरला आमच्या घरी जेवायला या, म्हणजे लाल काय असतो ते दाखवते.

आमच्या घरी लाल म्हणजे आत्या. वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, आणि नवऱ्याचं तोंड धड ओळखीचं होण्याआधीच तो गेला. मग ती शहाणी झाली, म्हणजे तिला न्हाण आलं, तेव्हा आजोबांनी परसात न्हाव्याला बोलावलं, तिचे केस काढले आणि तिला आलवण दिलं. आलवण म्हणजे बिनकाठाचं तांबडं लुगडं. शेजारच्या तामिळ घरांतल्या तशा बायका पांढऱ्यात वावरायच्या. आमच्या मराठी घरांत तांबडं. तीनशे वर्षं कावेरीचं पाणी पिऊन आमच्या लोकांनी सांबार उचललं, दारातल्या रांगोळीचा कोलम उचलला, बोलण्यातले हेल उचलले, पण हे तांबडं लुगडं काही सोडलं नाही. जे टाकायचं तेच नेमकं जपून ठेवण्यात आमची माणसं फार हुशार.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि धाकटा भाऊ पाळण्यात होता. आम्हा दोघांना आत्याने वाढवलं. भाऊ तर तिच्या खांद्यावरच मोठा झाला म्हणा ना. तिच्या लुगड्याचा पदर तोंडात धरल्याशिवाय तो झोपत नसे. त्या पदराला कायम एका कोपऱ्यात त्याच्या लाळेचा डाग असायचा. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे त्याने जे केलं ते कुणा परक्याने केलं असतं तर मी दोन शिव्या हासडून गप्प बसले असते.

ज्या वर्षांबद्दल मी लिहितेय, तेव्हा आत्या पंचाहत्तरी ओलांडून गेली होती. वडील वारले होते. भाऊ इंजिनियर होऊन मद्रासला एका परदेशी कंपनीत लागला होता. देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रांत रोज येत होतं, आणि त्या उघड्या दारांतून जे काय आत येत होतं त्यातलं पुष्कळसं भावाच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसत होतं. मी तंजावूरलाच मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नव्हतं. राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बाहेर बसायला तिण्णै, एवढ्या घरात आत्या आणि मी राहत होतो. न्हावी म्हातारा होऊन मेल्यापासून तिचे केस मीच दर महिन्याला कात्रीने बारीक कापायची. मी एकदा म्हटलं होतं, राहू दे ना आता, वाढू दे. तर म्हणाली, "डोईस भार होतो गं. सवय नाही."

घरात केबल आली आणि आत्याला एक नवं वेड लागलं. तिला कार्यक्रम कळायचे नाहीत, हिंदी कळायचं नाही, जाहिराती मात्र ती डोळे न मिटता बघायची. एका संध्याकाळी कसल्याशा साबणाच्या जाहिरातीत एक बाई दोरीवर निळी साडी वाळत घालत होती. वाऱ्याने साडी फुगली आणि सगळा पडदा निळा झाला. आत्या पुढे सरकली.

"हा निळा बघ की," ती म्हणाली. "केवढा बरा आहे."

"तुला निळा आवडतो? कधी बोलली नाहीस."

"मज कोणी विचारलंच नाही. म्हणून मजही ठाऊक नव्हतं."

मी ताडकन म्हटलं, उद्याच जाऊन तुला निळी साडी आणते. त्यावर ती इतकी संतापली की बोलायची सोय नाही. ह्या वयात? लोक तोंडात शेण घालतील, आणि वर गेल्यावर तुझ्या आजोबांना कोण तोंड दाखवणार?  ती उठून आत गेली, तांदूळ निवडायला घेतले, आणि बऱ्याच वेळाने सुपातली नजर न काढता म्हणाली, "तू मुलांस चित्रं शिकवतेस नव्हे? मग चित्रात नेसव मज. चित्रात कोण विचारतं."

एवढंच तिने मागितलं. उभ्या जन्मात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

मग मी ठरवलं की नुसतं एक चित्र काढून भिंतीला लावायचं नाही. पुस्तक करायचं. मुलांचं चित्रांचं पुस्तक, आणि त्यात एकही शब्द नाही. शब्द नकोत याला कारण होतं. आमच्या घरांतल्या मुलांना मराठी समजतं, बोलता अर्धंमुर्धं येतं, वाचता मुळीच येत नाही. देवनागरी मीसुद्धा नोकरी लागल्यावर हौसेने शिकले. मराठी मजकूर घातला तर तो वाचणार कोण? मी एकटी. तामिळ घातला तर आत्या तामिळ बोलणार, आणि माझी आत्या दारात भाजीवाल्याशी सोडली तर जन्मात कुणाशी तामिळ बोलली नाही. तेव्हा जे काय सांगायचं ते रंगांनीच सांगायचं, असं ठरलं.

लोकांना वाटतं, मुलांच्या पुस्तकात रंग म्हणजे भडक, भरपूर आणि पानभर. जेवढे रंग जास्त तेवढं मूल खूश. वर्गात लहान मुलींना शिकवून मला वेगळंच कळलं होतं. मुलं रंगांनी खूश होत नाहीत, मुलं रंग वाचतात. पानावरचा एखादा कोपरा काळवंडला की त्यांचा आवाज उतरतो. पिवळा लांब गेला की विचारतात, ह्याला का सोडून गेले? मोठ्यांना चेहऱ्यावर हसू लागतं, तेव्हा कुठे माणूस आनंदात आहे हे कळतं. मुलाला त्याच्या मागची भिंत पुरते.

म्हणून मी आत्याला हसवलं नाही आणि रडवलंही नाही. मी तिला भिंतीत विरघळवलं. पहिल्या पानावर आमचं स्वयंपाकघर. तांबड्या सिमेंटची जमीन, कावेने सारवलेला भिंतीचा खालचा पट्टा, आणि त्याच रंगाचं आत्याचं आलवण. पान उघडलं की आत्या दिसतच नाही. दिसतात फक्त दोन हात आणि त्या हातांतलं ताट. पुढच्या पानावर केळीचं हिरवंगार पान आणि वाढणारे हात. मग लहान मुलीची वेणी घालणारे हात. मुलगी पानागणिक मोठी होते, तिला नवे नवे रंग मिळतात, पिवळं परकर-पोलकं, जांभळी रिबन, शाळेचा हिरवा पट्टा. आत्या तिथेच, जमिनीच्या रंगात. वाचणाऱ्या मुलाला ती तिसऱ्या-चौथ्या पानावर सापडावी, स्वतः शोधून सापडावी, आणि एकदा सापडली की मग प्रत्येक पानावर आधी तीच दिसावी, असा माझा डाव होता.

आणि निळा मी राखून ठेवला. पुस्तकभर कुठेही निळा नाही. आकाश कैरीच्या फोडीसारखं फिकट. कालव्याचं पाणी गढूळ, तसंही ते गढूळच असतं. स्वयंपाकघरात एक निळा तामचिनी मग होता, तो मी पांढरा केला. शाईसुद्धा काळी. मग शेवटून दुसऱ्या पानावर टीव्ही लागतो आणि आत्याच्या एका गालावर निळ्या उजेडाची चिरी पडते. आणि पान उलटलं की सगळं निळं. आत्या उभी आहे, डोक्यावर बारीक कापलेले पांढरे केस तसेच, आणि अंगावर निळी साडी, जिचा पदर पानाच्या बाहेर जातो.

चित्रं काढायला वर्ष गेलं. शाळेतून आल्यावर उजेड असेपर्यंत तिण्णैवर बसायची. आत्या समोर बसून पापड लाटायची, वाती वळायची, आणि मधेमधे येऊन माझ्या कागदावर बोट ठेवायची. आलवणाचा रंग तिने मला तीनदा बदलायला लावला. मी लाल केला तर म्हणाली, हे नवं दिसतं. मी त्यात तपकिरी घातला तर म्हणाली, हे मळलेलं दिसतं, मी मळकी आहे का? शेवटी दोरीवरचं आलवण काढून आणलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "ओलं असतं तेव्हाचं नको. वाळल्यावर असतं तसं दे." त्यात विटेची पूड होती, जुन्या मिरचीचा उतरलेला लाल होता, आणि साठ वर्षं धुतल्याचा एक मऊपणा होता. तो रंग मिळाला त्या दिवशी तिने मला जास्तीची कॉफी केली.

निळ्याच्या पानावर मात्र तिने बोट ठेवलं नाही. लांबूनच बघितलं. "छापल्यावर बघते," म्हणाली.

पोंगलच्या सुमारास भाऊ आला, त्याने चित्रं बघितली. त्याच्या ओळखीचे मद्रासला मुलांची पुस्तकं काढणारे एक प्रकाशक होते. "अक्का, हे माझ्यावर सोड," तो म्हणाला. मी त्याला समोर बसवून एकेक पान समजावून सांगितलं. आत्या का लपलीय, निळा का राखलाय. छपाईत कुणी शहाणपणा करून आकाश निळं करेल, तेवढं करू देऊ नकोस, असं दोनदा बजावलं. तो मान हलवत होता. "सरी अक्का, समजलं. निळा शेवटी." आत्याने त्याला मुरुक्कूच्या चकल्यांचा डबा दिला आणि चित्रांच्या पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट लावलं. मी निर्धास्त होते. घरच्या माणसाच्या हाती दिलं की आपण पावती मागत नाही.

पुढे महिनेच्या महिने गेले. आत्या बदलली होती, आणि हे मला जास्त लागतं. जी बाई कुणी पाहुणा आला की दाराआड व्हायची, ती आता तिण्णैवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली की मी पुस्तकात येणार आहे. तिचा जन्मातला एकच फोटो होता, त्याच सुमारास मतदार ओळखपत्रासाठी काढलेला. काळपट, पदर कपाळापर्यंत ओढलेला, डोळे मिटलेले. तो तिने कपाटात पालथा घालून ठेवला होता. पुस्तकाची मात्र ती वाट बघत होती. पोस्टमन दिसला की विचारायची, "मद्रासहून काही?"

पार्सल आलं तेव्हा ती परसात आंघोळीला गेली होती. मी एकटीने फोडलं.

कागद गुळगुळीत, चकचकीत. बस स्टँडजवळच्या दुकानात नुकती परदेशी पुस्तकं यायला लागली होती, तसं अगदी. पहिलं पान उघडलं. स्वयंपाकघरात एक बाई उभी होती. हिरवी साडी, जरीचा काठ, डोक्यावर काळ्या केसांचा अंबाडा, अंबाड्यात मोगरा, कपाळाला ठसठशीत कुंकू. हातात मी काढलेलं ताट. चेहऱ्यावर मी न काढलेलं हसू. खिडकीतून निळंभोर आकाश. दुसऱ्या पानावर त्याच बाईची मोरपिशी साडी. तिसऱ्या पानावर गुलाबी. मग मुलगी आणि ही बाई कालव्याच्या काठी, आणि कालवा असा निळा की आमच्या कावेरीच्या खोऱ्यात कुणी तो बघितला तर हसून मरेल. जमीन तेवढी तांबडी राहिली होती, आणि तिच्यावर ही रंगीत बाई ठळक उठून दिसत होती. शोधायला कुणी उरलंच नव्हतं.

शेवटचं पान होतं तसंच होतं. फक्त डोक्यावर अंबाडा चढला होता. निळी साडी नेसलेली एक बाई. पाच-सहा साड्या दाखवून झाल्यावर आणखी एक साडी. कापडाच्या दुकानातल्या कॅटलॉगसारखी.

मी पुस्तक तांदळाच्या डब्यामागे लपवलं आणि तशीच कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमध्ये गेले. माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. बाजार उघडला म्हणून तुम्ही माणसांनाही रंग फासून विकायला बसणार का, परदेशी पुस्तकांशेजारी मांडायला माझी आत्या बरी दिसत नव्हती का, असं सगळं. प्रकाशकांच्या संपादिकाबाई फोनवर आल्या. मऊ आवाजाच्या, अदबीने इंग्रजी बोलणाऱ्या. मी माझं भाषण निम्मं म्हटलं असेल. त्यांनी मला मधेच थांबवून विचारलं, "पण हे बदल तुमच्याकडूनच आले ना?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांना तांबडा रंग फार आवडला होता. थोडा चकचकीत कागद सोडला तर त्यांना काहीच बदलायचं नव्हतं. माझा भाऊ आला, म्हणाला, बहिणीचा विचार बदललाय, घरच्यांच्या भावना आहेत. त्यांच्या चित्रकाराशेजारी बसून त्याने एकेक पान करून घेतलं. आमच्या घरच्या बायका कुठले रंग नेसतात, अंबाडा किती खाली घालतात, हे सगळं त्यानेच सांगितलं. "फार मनापासून करत होते हो," बाई म्हणाल्या. "मोगरासुद्धा त्यांनीच सुचवला."

बूथमधून बाहेर आले ती उरलेले सुटे पैसे न घेताच. रागाने नव्हे, राग मागून आला. परक्यावर रागावायला निघालेलं माणूस वाटेत घरचं दार बघतं तेव्हा जे होतं ते झालं. जगाची दारं उघडली, आता बाहेरचे येऊन आपलं सगळं नेतील, असं सगळे ओरडत होते. माझं जे गेलं त्याला बाहेरच्या कुणी बोट लावलं नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं.

आत्याला मी सांगितलं, अजून यायचं आहे पुस्तक. ती "सरी" म्हणाली आणि विचारायची थांबली नाही.

दिवाळीला भाऊ आला. नवी गाडी घेऊन आला, बायकोला वाटेत पापनाशमला माहेरी उतरवलं होतं, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी होती. आल्या आल्या त्याने माझ्या हातात माझ्या मूळ चित्रांचा पुठ्ठा दिला, जसं काही प्रसादच आणलाय. आत्या पोरीला घेऊन आत गेली. मी तिण्णैवर बसून पुठ्ठा उघडला. मला वाटलं होतं, त्यांनी नवी चित्रं काढून घेतली असतील आणि माझी निदान शाबूत असतील. नव्हती. माझ्याच चित्रांवर पोस्टर कलरचा जाड थर दिला होता. हिरव्या साडीच्या कडेला कुठे कुठे खालचं आलवण डोकावत होतं. मी बोट ओलं करून एका कोपऱ्यावर फिरवलं, तर वरचा रंग आणि खालचा रंग दोन्ही एकदमच निघाले आणि खाली कागद राहिला.

"का केलंस?" मी विचारलं.

त्याला हा प्रश्न यायचाच होता, तो तयारीत होता. आधी म्हणाला, थोडा कलर बदललाय अक्का, गोष्ट तीच आहे. मग म्हणाला, माझी मुलगी हे पुस्तक शाळेत नेणार, मुलं विचारणार, तुझ्या पाट्टीचे, आजीचे, केस कुठे गेले? तिने काय सांगायचं? माझ्या सासरचे बघणार, ऑफिसातले बघणार. आपल्या घरात हे असं चालत होतं म्हणून आपणच छापून वाटायचं?

"घरात चालत होतं तेव्हा तुला लाज नाही वाटली. छापल्यावर वाटली."

"तसं नव्हे." त्याचा आवाज चिरकला. "तुज कळत नाही अक्का. मज सहन होत नव्हतं. त्या चित्रांत ती दिसतच नाही. मी तिला केस दिले. कुंकू दिलं. आजोबांनी काढून घेतलं ते सगळं मी तिला परत दिलं. चूक काय केली?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आपण केसाने गळा कापला म्हणतो ना, तो कापणारा बहुतेक वेळा असाच डोळ्यांत पाणी आणून कापतो.

"आजोबांनी तिला न विचारता काढले," मी म्हटलं. "तू तिला न विचारता लावलेस. आणि मला न विचारता, माझ्या नावावर. तिने आपल्याजवळ एक रंग मागितला होता. एक. तो तू पहिल्या पानापासून वाटून टाकलास."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून त्याच्या मुलीचा आवाज आला. ती तामिळमध्ये मोठमोठ्याने एकेक रंग म्हणत होती. पच्चै, रोजा, मंजळ. हिरवा, गुलाबी, पिवळा. तिने गाडीतून आपली प्रत आणली होती आणि ती पाट्टीला पुस्तक दाखवत होती.

मी धावत आत गेले, भाऊ माझ्या मागे. आत्या स्वयंपाकघराच्या तांबड्या जमिनीवर पाय पसरून बसली होती, पोर तिला टेकून, पुस्तक दोघींच्या मांडीवर. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "आलं की गं! तू मज सांगिटलंस नाही!" चष्मा तिने पदराने पुसला आणि पान अगदी नाकाजवळ धरलं.

ती एकेक पान निरखून बघत होती. हात बघितले की मान हलवायची. ताट ओळखलं. माझी वेणी ओळखली, ती माझी होती हे तिला बरोबर कळलं. केळीचं पान बघून हसली. मग तिने हिरव्या साडीवर बोट ठेवलं.

"ही बाई कोण?"

पोर खिदळली. "पाट्टी, ही तूच!"

आत्याने परत बघितलं. पान मागे नेलं, पुढे नेलं. मोगऱ्यावरून बोट फिरवलं, कुंकवावरून फिरवलं. तिने आमच्याकडे मान वर करून बघितलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिने बघितलं नाही. ती पानं उलटत गेली, मोरपिशी, गुलाबी, पुन्हा हिरवी, आणि मग शेवटचं पान आलं. सगळं निळं. ज्या पानासाठी ती वर्षभर पोस्टमनला थांबवत होती, ते. तिने त्यावर बराच वेळ हात ठेवला.

"हिला निळं कशास?" ती म्हणाली. "हिच्याजवळ सगळं आहे की."

आवाजात राग नव्हता. खरोखरच तिला प्रश्न पडला होता. तिने पुस्तक मिटलं, पोरीच्या हातात दिलं, "नीट ठेव कण्णा, फाडू नको," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, कारण भात टाकायचा राहिला होता. भाऊ माझ्याकडे बघत उभा होता. मी काहीतरी म्हणावं, निदान त्याला शिवी द्यावी, असं त्याला वाटत असावं. मी आत्याला तांदूळ धुऊन द्यायला गेले. त्याच्याकडे मी तेव्हा बघितलं नाही, आणि आता आम्ही दोघं म्हातारे झालो तरी धड बघत नाही.